पोट न फाडता

१९४८ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी आइन्स्टाइनच्या पोटातल्या महाधमनीचा फुगवटा सेलोफेनने गुंडाळला. १९५५ मध्ये तो फुटला. फुगलेला भाग बदलण्याची शस्त्रक्रिया पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी १९५१ मध्येच केली होती, पण आइन्स्टाइनने नकार दिला.

त्यासाठी पोट फाडावं लागे. थकलेल्या हृदयाला ते झेपत नसे. १९९० मध्ये ब्युनोस आयर्सच्या हुआन पारोदींनी जांघेतल्या धमनीतून स्टेंट जोडलेली कापडी नळी आत सरकवली. फुगवटा तिथेच राहिला, रक्ताला नवी वाट मिळाली.

इंजिनिअर म्हणून मला ही युक्ती फार आवडते. पण मी वाशिम जिल्ह्यातला. हा फुगवटा बहुधा दुखत नाही, सोनोग्राफीत मात्र दिसतो. आमच्याकडे साठी ओलांडलेला, बिडी ओढणारा शेतकरी काही दुखत नसताना सोनोग्राफीला कशाला जाईल?