सिकलसेल आजारातील दंतोपचार

सिकलसेल आजारातील दंतोपचार म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांवर विशेष दक्षता घेऊन केले जाणारे दात, हिरड्या व जबड्याचे उपचार होत. विदर्भात हा आजार आदिवासी व अन्य काही समाजांत लक्षणीय प्रमाणात आढळतो. त्यामुळे वर्धा जिल्ह्यातील दंतवैद्यकात हा विषय केवळ पाठ्यपुस्तकी नाही.

पार्श्वभूमी

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या विकाराचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा तो रुग्ण ग्रेनाडा बेटावरून आलेला दंतवैद्यकाचाच विद्यार्थी होता. या विकारात प्राणवायूची कमतरता, शरीरातील पाण्याचा अभाव, जंतुसंसर्ग, थंडी किंवा ताण यांमुळे तांबड्या पेशी विळ्याचा आकार घेतात. त्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात व रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येतो. सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेल्या वाहक व्यक्तीला (एएस) सहसा नेहमीचेच दंतोपचार करता येतात. पुढील दक्षता मुख्यतः पीडित रुग्णांसाठी (एसएस) आहे.

जोखीम

दाढ काढताना झटका येईल या भीतीने उपचार लांबणीवर टाकले जातात. मात्र दाताच्या मुळाशी साचलेला पू हेही झटक्याचे कारण ठरू शकते. बऱ्याच रुग्णांची प्लीहा लहानपणीच निकामी होत असल्याने त्यांचे शरीर संसर्गाला नीट तोंड देऊ शकत नाही. किडका दात तसाच ठेवणे म्हणूनच बहुधा अधिक धोक्याचे असते.

निदानही फसवे असू शकते. रक्तपुरवठा खंडित झाल्याने कीड नसलेल्या दाताचाही आतील मऊ भाग मृत होतो, तर कधी जबड्याच्या हाडातील झटका दातदुखीसारखा भासतो. खालचा ओठ व हनुवटी बधिर होणे हे त्याचे सूचक लक्षण आहे. अशा वेळी निरोगी दात काढल्याने वेदना थांबत नाहीत.

उपचार

तातडीची गरज नसल्यास झटका नसलेल्या काळात, शक्यतो सकाळी व थोड्या वेळाचे उपचार करतात. रुग्णाने भरपूर पाणी पिऊन यावे. बहुतेक कामे जागेवरची भूल देऊन होतात. पूर्ण भूल द्यावयाची असल्यास रक्तविकारतज्ज्ञाचा सल्ला आवश्यक असून काही रुग्णांना आधी रक्त द्यावे लागते. हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी व प्लेटलेट दात काढण्यापूर्वी तपासाव्यात. मूत्रपिंडांना इजा झालेली असण्याची शक्यता लक्षात घेऊन वेदनेसाठी आयबुप्रोफेनऐवजी प्रथम पॅरासिटामॉलचा विचार होतो. संसर्ग नसताना प्रतिजैविके आधीच द्यावीत का, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही.

वर्धा जिल्ह्यात

सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय व आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय एकाच परिसरात आहेत, तर सेवाग्राम येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. दंतवैद्य व फिजिशियन यांनी मिळून रुग्ण पाहावा, ही या आजारातील मूलभूत गरज अशा ठिकाणी सहज भागू शकते. गावातील एकट्या दवाखान्यात ती अवघड जाते. केंद्र शासनाच्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत (२०२३) तपासणी झालेल्यांना कार्ड दिले जाते. ते दंतवैद्याला दाखविल्यास पूर्वतयारी करता येते. विदर्भातील खर्ऱ्याच्या सवयीने तोंड पुरेसे न उघडणाऱ्या रुग्णात पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे कठीण होते व प्राणवायू कमी पडण्याचा धोका वाढतो.