गाण्यातले शेवटचे नाव : अभंगाच्या नाममुद्रेपासून डीजेच्या पेन ड्राइव्हपर्यंत

१/ १४ एप्रिलच्या संध्याकाळी नांदेड वा लातूरच्या रस्त्यावरून जयंतीची मिरवणूक निघते. ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरांतून गाण्याआधी एक आवाज घुमतो : रीमिक्स करणाऱ्या डीजेचे आणि त्याच्या गावाचे नाव. गीत कोणी लिहिले, हे मात्र बहुधा ऐकू येत नाही. कवीचे नाव गाण्यातून कसे गळाले, हे समजण्यासाठी सात शतके मागे जावे लागते.

२/ मराठवाडा ही नाममुद्रेची भूमी. संत नामदेवांचे नाव आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसीशी, तर संत जनाबाईंचे गोदाकाठच्या गंगाखेडशी जोडलेले आहे. छपाई नव्हती, अभंग मुखोमुखी फिरत. म्हणून कवी शेवटी स्वतःचे नाव गुंफत असे : ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’. नाव छंदातच बसवलेले असल्याने ते काढले तर चरणच मोडत असे.

३/ ही रीत शाहिरांनी चालवली आणि पुढे आंबेडकरी गीतकारांनीही. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी गावोगाव फिरून हजारो गीते रचली, गायिली. त्यांच्या कितीतरी गीतांच्या अखेरच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते. गायक कोणीही असो, शेवटचे कडवे गायिले की कवीची ओळख आपोआप होत असे.

४/ मग यंत्र आले. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारत. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तिथल्या कारागिरांना गायिका कोण हे कळावे, असे त्याचे कारण सांगितले जाते. नव्या माध्यमातही नाव शेवटीच आले, पण ते गायिकेचे होते.

५/ दहा इंची लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजे. लांब रचना कापावी लागे. मात्र मधोमध कागदी लेबल होते. गाण्यातले नाव आता कागदावर गेले. पोलादी सुई वारंवार बदलणाऱ्या लाउडस्पीकरवाल्याच्या डोळ्यांसमोर ते निदान सतत राहत होते.

६/ १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली. ऐंशीच्या दशकात ती भारतभर स्वस्त झाली आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात हा बदल नोंदवला आहे. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचा आवाज कॅसेटमुळे खेडोपाडी घुमला. पण कोऱ्या कॅसेटवर ‘भरून’ घेतलेल्या गाण्यांसोबत मूळ वेष्टन येत नसे. बॉलपेनने गाण्याचे पहिले शब्द लिहिले जात; कवीचे नाव तिथे क्वचितच उमटे.

७/ या काळात स्मृती राहिली ती मंडपाच्या कोपऱ्यात बसलेल्या ऑपरेटरकडे. कॅसेटमध्ये हव्या त्या गाण्यावर थेट उडी घेता येत नाही. कोणते गाणे कोणत्या बाजूला, पेन्सिलीने फीत किती फिरवली की सुरुवात सापडते, वरात दारात येताच काय लावायचे, हे सारे त्याला पाठ असावे लागे. आजच्या भाषेत ‘सर्च’ म्हणजे तोच माणूस.

८/ दरम्यान ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्क यांची एक मेजवानी गाजली. गाण्यातला फक्त तालाचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवण्याची त्यांची युक्ती पुढे जगभर पसरली. गाणे अखंड वाजवण्याऐवजी मोडून पुन्हा जुळवणे हेच कसब ठरले. मराठवाड्यात हे तंत्र मुख्यतः सीडी आणि संगणकातून रुजले व स्थानिक ठेक्याला भेटले. त्यातूनच ‘हलगी मिक्स’ घडले.

९/ १९९५ साली ‘एमपी३’ हे नाव रूढ झाले. पुढच्याच वर्षी या फायलींना माहिती जोडण्याची पहिली पद्धत आली : आयडी३. एकूण जागा १२८ बाइट. शीर्षक ३० अक्षरे, कलाकार ३०, अल्बम ३०. गीतकारासाठी रकानाच नव्हता. नंतरच्या आवृत्तीत तो आला, पण फाइल हातोहात फिरवताना तो भरणार कोण?

१०/ शेवटचा घाव रीमिक्सचा. मिरवणुकीला हवे असते ते ध्रुवपद. तेच फिरून फिरून वाजते. अखेरचे कडवे येण्याआधीच दुसरे गाणे सुरू होते आणि जिथे कवीने नाव कोरले होते, नेमका तोच भाग गळतो. नाममुद्रा मात्र मेली नाही. ती शेवटून सुरुवातीला आली आणि कवीकडून डीजेकडे गेली.

११/ यात डीजेला दोष देणे सोपे, पण अपुरे. त्याचेही काम क्षणात नकलले जाते; आवाजात गुंफलेले नाव हीच त्याची ढाल आहे. संतकवींची गरज याहून वेगळी नव्हती. कायदा मात्र कवीला विसरलेला नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ चे कलम ५७ लेखकाला कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते, तर २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा सुरक्षित केला.

१२/ तीन मिनिटांची तबकडी कडवे कापायला भाग पाडत होती. आजच्या पेन ड्राइव्हवर हजारो गाणी मावतात, म्हणजे जागेची सबब उरलेली नाही. जुन्या ऑपरेटरला फितीवरची जागा ठाऊक असे. आजच्या डीजेला कडव्याची जागा ठाऊक असली तर पुरे. अखेरचे कडवे अर्ध्या-एक मिनिटाचे असते. ते वाजले की लेबल लागत नाही आणि रकानाही लागत नाही. कवी स्वतःच आपले नाव सांगतो.

(धागा समाप्त)