नवा फोन घ्यायचा का, आणि कुठून? तीस वर्षांचा हिशेब

गणपती गेले आणि दसरा जवळ आला की एक प्रश्न दरवर्षी ठरलेला. "अमुक कंपनीचा नवीन फोन आलाय, घेऊन टाकू का? आणि ऑनलाइन मागवू की आपल्या बाजारातनं घेऊ?" हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न, त्यात सार्वजनिक काय, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तसं वाटत नाही. आपण फोन कधी आणि कुठून घ्यायचा हे गेली तीस वर्षं बऱ्याच अंशी दुसरंच कोणीतरी ठरवत आलंय. कधी सरकारचा कर, कधी कंपन्यांचे आपसातले करार, कधी परकीय गुंतवणुकीचे नियम. हा इतिहास एकदा नजरेखालून घातला की निर्णय बराच सोपा होतो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

सुरुवात ३१ जुलै १९९५ पासून. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाईल लावला. देशातला हा पहिला मोबाईल कॉल. मुंबईत बीपीएल आणि मॅक्सटच या दोन कंपन्या आल्या. गर्दीच्या वेळेला बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास, आणि गंमत म्हणजे समोरच्याने केलेल्या फोनचेही पैसे आपल्यालाच. त्यामुळे खिशात मोबाईल असलेला माणूस नंबर बघून कट करायचा आणि कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या पीसीओतून उलट फोन लावायचा! तेव्हा सामान्य माणूस "फोन घेऊ का" असं विचारतच नव्हता. ते बड्यांचं काम होतं.

हे बदललं कशामुळे? फोन स्वस्त झाले म्हणून, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. आधी नियम बदलले. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांची ठरावीक भरमसाट लायसन्स फी काढून उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली. मग १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. त्याच वर्षी जुलैत रिलायन्सने 'मान्सून हंगामा' काढला, ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा. मात्र तो फोन त्यांच्याच नेटवर्कला बांधलेला. सिम काढून दुसरं टाकायची सोय नाही. आणि त्याच वर्षी आला टॉर्चवाला नोकिया ११००. शेतात रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाच्या हातात बॅटरीऐवजी फोन दिसू लागला तो तेव्हापासून. एसटी स्टँडसमोर, तहसील कचेरीच्या रस्त्यावर मोबाईलची दुकानं उभी राहिली ती याच लाटेत. हजारो पोरांनी रिचार्ज, कव्हर आणि रिपेअरिंगवर संसार उभे केले.

पण त्याच काळात एक दुसरा बाजारही जोरात होता. मुंबईत हाजीअलीचं हिरा पन्ना, क्रॉफर्ड मार्केटजवळचं मनीष मार्केट. तिथे पहिला प्रश्न यायचा, "बिलासकट की बिलाशिवाय?" बिलाशिवायचा फोन स्वस्त, कारण आयात शुल्क आणि विक्रीकर दोन्ही चुकवलेले. वॉरंटी मात्र दुकानदाराच्या शब्दापुरती. थोडक्यात, "कुठून घ्यायचा" हा प्रश्न आपल्याकडे ऑनलाइनने आणला नाही, तो करांनी आणला. बिलाशिवायचा सौदा किती महागात पडू शकतो हे २००९ मध्ये दिसलं. सुरक्षेच्या कारणावरून सरकारने आदेश काढला आणि १ डिसेंबर २००९ पासून आयएमईआय नंबर नसलेल्या फोनची सेवा बंद करायला लावली. विनाब्रँडचे स्वस्त फोन घेतलेल्या असंख्य लोकांची धावपळ उडाली.

आता "घ्यायचा का" या प्रश्नाकडे येऊ. नवा फोन आल्या आल्या घेण्याचा इतिहास काय सांगतो?

पहिला आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ ला विक्रीला आला. ८ जीबीवाला ५९९ डॉलरला. लोक रात्रभर रांगेत उभे होते. सव्वादोन महिन्यांत, ५ सप्टेंबरला, कंपनीने त्याच फोनची किंमत २०० डॉलरने उतरवली. रांगेतले लोक खवळले, तेव्हा स्टीव्ह जॉब्सना जाहीर पत्र लिहून आधीच्या गिऱ्हाइकांना १०० डॉलरची खरेदी-सवलत द्यावी लागली. म्हणजे सगळ्यात निष्ठावान गिऱ्हाईक तोच सगळ्यात जास्त पैसे देणारा.

भारतात आयफोन ३जी आला २२ ऑगस्ट २००८ ला. विकणार कोण, तर एअरटेल आणि व्होडाफोन. किंमत ३१ हजारांपासून पुढे. तोच फोन अमेरिकेत दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळत होता, कारण उरलेली रक्कम दर महिन्याच्या बिलातून वसूल व्हायची. आपल्याकडे तो करार नव्हता, म्हणून सगळा बोजा पहिल्याच दिवशी. पण खरी मेख पुढे आहे. फोनच्या नावातच ३जी, आणि देशात ३जी सेवाच सुरू नव्हती! लिलाव झाला २०१० मध्ये, आणि या दोन कंपन्यांची ३जी सेवा यायला २०११ उजाडलं. ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले ती अडीच वर्षं मिळालीच नाही.

यातून आपण शिकलो का? नाही. २४ फेब्रुवारी २०२० ला भारतात पहिला ५जी फोन विक्रीसाठी जाहीर झाला, रियलमीचा एक्स५० प्रो. किंमत ३७,९९९ पासून. त्यानंतर "भविष्यासाठी तयार" अशा जाहिरातींचा पाऊसच पडला. प्रत्यक्षात ५जी सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला, तीही मोजक्या शहरांत. २०२० च्या शेवटी आयफोन १२ घेतलेल्यांना तर कंपनीचं अपडेट येईपर्यंत, म्हणजे डिसेंबर २०२२ पर्यंत थांबावं लागलं. तोवर त्या फोनची बॅटरी दोन वर्षं जुनी झालेली. बारा-चौदा वर्षांच्या अंतराने तोच खेळ, फक्त आकडा बदलला. आज फोनच्या खोक्यावर 'एआय' लिहिलेलं असतं. खोटंच आहे असं मी म्हणत नाही. पण त्यातलं मराठीत आज काय चालतं, आणि पुढे पैसे न देता काय चालेल, एवढं दुकानातच हातात घेऊन बघा.

पुढचा अंक २०१४ चा. फेब्रुवारीत मोटो जी आला, १२,४९९ रुपयांपासून, आणि तो मिळणार फक्त फ्लिपकार्टवर. जुलैत शाओमीचा मी ३, १३,९९९ ला, तोही तिथेच. पुढच्या विक्रीच्या फेऱ्या तर काही सेकंदांत संपू लागल्या. ऑक्टोबरच्या ६ तारखेला 'बिग बिलियन डे' झाला. साइट कोलमडली, नंतर कंपनीच्या संस्थापकांनी गिऱ्हाइकांची माफी मागितली. पण त्या वर्षाने एक गोष्ट कायमची बदलली. त्याआधी फोन कंपनीकडून वितरकाकडे, वितरकाकडून जिल्ह्याच्या डीलरकडे आणि तिथून आपल्या गल्लीतल्या दुकानात यायचा. प्रत्येक टप्प्याला थोडं कमिशन. ते टप्पे गळाले म्हणून फोन स्वस्त मिळाला, आणि गिऱ्हाइकाचा खरोखर फायदा झाला, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण दुकानदार दराच्या स्पर्धेत हरला असं म्हणणं चूक आहे. त्याला मैदानातच उतरू दिलं नव्हतं. पैसे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तो सांगत होता, "तो पीस आमच्याकडे येतच नाही, साहेब."

सरकारने नियम केले. मार्च २०१६ च्या पत्रकाने परकीय गुंतवणूक असलेल्या साइटला फक्त 'बाजारपेठ' म्हणून काम करायला सांगितलं, स्वतःचा माल विकायचा नाही, किमतीवर प्रभाव टाकायचा नाही. डिसेंबर २०१८ च्या दुसऱ्या पत्रकाने, जे १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालं, एखाद्या कंपनीवर "फक्त आमच्याकडेच विका" अशी सक्ती करायला मनाई केली. सक्तीला मनाई. राजीखुशीने केलं तर? तिथेच पळवाट. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. त्यात मोबाईलच्या अशाच 'एक्सक्लुझिव्ह' विक्रीचा मुद्दा होता. प्रकरण हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट असं फिरत राहिलं.

गंमत अशी की ऑनलाइनवर वाढलेल्या शाओमीलाच २०१७ मध्ये बंगळुरूत स्वतःचं दुकान उघडावं लागलं. ओप्पो आणि विवो तर वाढल्याच गावोगावच्या दुकानांवर आपले हिरवे-निळे बोर्ड लावून आणि चांगलं कमिशन देऊन. ॲपलचं उलट. एकाच ब्रँडचं दुकान काढायचं तर ३० टक्के माल भारतातून घ्यायची अट आड येत होती. ती २०१९ मध्ये सैल झाली, २०२० मध्ये त्यांची ऑनलाइन विक्री सुरू झाली आणि १८ एप्रिल २०२३ ला वांद्रे-कुर्ला संकुलात टिम कुक यांनी पहिल्या दुकानाचं दार उघडलं. याचा अर्थ, फोन बघून, हाताळून घ्यावा ही गरज संपलेली नाही.

पण दुकान म्हणजे सगळं साधं-सरळ, असंही समजू नका. काउंटरवरचा टी-शर्टवाला मुलगा अनेकदा दुकानाचा नसतो, कंपनीने बसवलेला असतो. तो अमुकच फोन का दाखवतोय, हे विचारायला लाजू नका. आणि 'झिरो टक्के' हप्त्यांबद्दल एवढंच लक्षात ठेवा की सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं, शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. ते कुठेतरी लपवलेलं असतं, प्रोसेसिंग फीमध्ये किंवा न दिलेल्या सवलतीत. हप्त्याची बेरीज आणि रोखीचा भाव शेजारी शेजारी लिहा, लगेच कळेल.

"भाऊ अमेरिकेत आहे, तिकडून मागवू का?" हाही नेहमीचा प्रश्न. फरक पडतो तो मुख्यतः करांमुळे. मोबाईलवरचा जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १२ चा १८ टक्के झाला. आयात शुल्क २०१८ मध्ये २० टक्क्यांवर गेलं होतं, जुलै २०२४ मध्ये ते १५ वर आलं. पण अमेरिकेतल्या आयफोनला १४ पासून सिमकार्डाची जागाच नाही, फक्त ई-सिम. शिवाय तिथल्या कंपनीला लॉक असलेला फोन इथे येऊन नुसता फोटो काढायच्या कामाचा. विचारून घ्या, मगच भावाला सांगा.

मग करायचं काय? माझा हिशेब असा. आजच्या फोनला कंपनीची सुरक्षा अपडेट येत असतील आणि फक्त बॅटरी दमली असेल, तर बॅटरी बदला. नवा घ्यायचाच असेल तर आज, आपल्या गावात जे चालतं त्याचेच पैसे मोजा, पुढे येणाऱ्या गोष्टीचे नाही. बाजारात आल्यावर दोन-तीन महिने थांबलात तर नुकसान काही नाही. कुठूनही घ्या, पण जीएसटीचं पक्कं बिल घ्या. *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय बिलावरच्या आणि खोक्यावरच्या नंबरशी जुळतोय का, तिथल्या तिथे बघा. ऑनलाइन घेताना साइटचं नाव नाही, 'विक्रेता' कोण आहे ते वाचा. २०२० च्या नियमांनुसार त्याचा पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती दाखवणं साइटवर बंधनकारक आहे. काही फसलं, तर नव्या ग्राहक कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. सांगलीच्या माणसाला बंगळुरूला जायची गरज नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आणि भाव घासाघीस करण्याआधी एकदा गावातल्या दुकानदाराला ऑनलाइनचा दर दाखवा. फरक पाचशे-हजाराचा असेल तर तो बहुतेक वेळा कमी करतो. डेटा टाकून देतो, आईच्या फोनचे फॉन्ट मोठे करून देतो, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी डिस्प्ले गेला तर शटर अर्धं उघडून बघतो. फरक चार हजारांचा असेल तर भावनेपायी पदरचे पैसे घालू नका. पण मग तो फरक कशामुळे पडला, हे विचारायला विसरू नका. तो दुकानदाराच्या हावरेपणामुळे नसतो, बहुतेक वेळा त्याला त्या भावाला माल मिळतच नाही म्हणून असतो. हा प्रश्न दुकानदाराला नाही, आपल्या खासदारांना विचारायचा आहे. ज्या दिवशी नवा फोन साइटवर येईल, त्याच दिवशी त्याच भावात तो तालुक्याच्या दुकानातही आला पाहिजे. एवढीच मागणी आहे. मग ज्याला जिथून घ्यायचा त्याने तिथून खुशाल घ्यावा.