झाडीच्या जमिनीला ट्रॅक्टर केवढा हवा? शहापूरचे शिवार आणि चोर्ल्याचा उतार

बेळगाव शहराला लागून असलेले शहापूर स्वातंत्र्यापूर्वी सांगली संस्थानात मोडत असे. पेठ आणि हातमागाच्या साड्या यांमुळे त्याचे नाव दूरवर गेले. शेतकऱ्यांना मात्र शहापूर परिचित आहे ते शिवारामुळे. काळी, चिकट आणि जवळपास सपाट अशी ही जमीन. पावसाळ्यात तिच्यात बासमतीसारखे सुवासिक भात डोलते आणि भाताची कापणी झाली की उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा यांसारखी कडधान्ये घेतली जातात. या मातीत नांगर ओढायचा तर ट्रॅक्टरच्या अंगी ताकदही हवी आणि वजनही. ४० ते ४५ अश्वशक्तीचा, दोन टनांच्या आसपास वजनाचा ट्रॅक्टर येथे शोभतो.

शहापुरातून पश्चिमेकडे निघाले की चित्र पालटते. खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी, पुढे चोर्ला घाट आणि घाट उतरल्यावर सत्तरी. काळी माती संपून जांभा लागतो, पाऊस कैक पटींनी वाढतो आणि सपाटी हरवते. काजू, फणस, आंबा, मध्येच रानमोडीचे माजलेले रान, दगडी गडगे, पावसाने कोरलेले चर असे या जमिनींचे रूप. कर्नाटकाने २०२० मध्ये भूसुधारणा कायद्यात बदल करून बिगरशेतकऱ्यांनाही शेतजमीन घेण्याची मुभा दिल्यानंतर या पट्ट्याकडे पाहणाऱ्या शहरी खरेदीदारांची नजरही बदलली आहे. जमीन हाती आली की लवकरच ट्रॅक्टरचा विषय निघतो आणि सल्ला मिळतो तो बहुधा शिवाराच्या अनुभवातून आलेला: घ्यायचाच तर मोठा घ्या. झाडीच्या उतारावर हा सल्ला पैशाला महाग पडतोच, प्रसंगी जिवावरही बेततो.

काम कोणते, हे आधी

काजूच्या बागेत वर्षभरात यंत्राला नेमके काय करावे लागते, याची यादी लहान आहे. पावसाळा ओसरल्यावर गवत व रानमोडी कापणे, फळे गळू लागण्यापूर्वी झाडाखालची जागा मोकळी करणे, मोहराच्या काळात ढेकण्या किडीसाठी फवारणी, उन्हाळ्यात कोवळ्या रोपांना पाण्याची टाकी नेणे आणि बी, बोंडू, सरपण, शेणखत यांची वाहतूक. यात नांगरट कोठेच नाही. काजूची अन्न शोषणारी मुळे मोठ्या प्रमाणात मातीच्या वरच्या थरात पसरलेली असतात. तेथे रोटाव्हेटर फिरवला की मुळे तुटतात आणि मोकळी झालेली माती पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला मिळते. उतारावरचे गवत कापावे, उपटू नये, हा बागायतीतला जुनाच धडा आहे.

तरीही विक्रेत्याकडे गेल्यावर ट्रॅक्टरसोबत रोटाव्हेटरची जोडी गृहीत धरली जाते आणि ट्रॅक्टरचा आकार त्या रोटाव्हेटरवरून ठरतो. तीन फुटी रोटाव्हेटरला २० ते २४ अश्वशक्ती, पाच फुटीला ४० च्या आसपास, असे साधारण गणित आहे आणि सपाट शेतासाठी ते चुकीचेही नाही. मात्र ज्या बागेत रोटाव्हेटर चालवायचाच नाही, तेथे त्याच्या मापाने ट्रॅक्टर घेण्यात अर्थ नाही. चार फुटी गवत कापणी यंत्र, फवारणीचा पंप आणि एक टनाची ट्रॉली यांना २४ ते २८ अश्वशक्ती पुरते. कागदावरची अश्वशक्ती इंजिनाची असते, हेही ध्यानात ठेवावे. मागच्या पीटीओ दांड्यापर्यंत तिच्यातली साधारण ८५ टक्केच पोचते.

उताराचा हिशेब

झाडीच्या जमिनीत ट्रॅक्टर अडतो तो ताकद संपते म्हणून नव्हे. चाकांची पकड संपते म्हणून तो अडतो. दहा फुटांना एक फूट चढणाऱ्या खडकाळ वाटेवर ७०० किलोचा छोटा ट्रॅक्टर दीड टनाची भरलेली ट्रॉली ओढतो आहे, असे धरू. एकूण वजन २२०० किलो. चढावर त्याचा दहावा भाग, म्हणजे २२० किलोचा ओढा, आणि कच्च्या वाटेवर चाके फिरवण्यासाठी आणखी आठ टक्क्यांच्या घरात, म्हणजे १७५ किलो. बेरीज चारशेच्या जवळ जाते. अशा जमिनीवर चाकांना वजनाच्या निम्मी पकड मिळते असे मानले, तर चारही चाके ओढणाऱ्या या ट्रॅक्टरची मर्यादा ३५० किलोची. म्हणजे ट्रॉली चढणार नाही. चाके जागीच फिरतील. गंमत अशी की पायी चालण्याच्या वेगाने हा भार चढवायला जेमतेम साडेपाच अश्वशक्ती लागते. २४ ची ताकद असून उपयोग नाही आणि ती ३० केली तरी उपयोग नाही. ट्रॉलीत दीडऐवजी एक टन भरला की ओढ्याची गरज ३०० किलोंवर उतरते आणि तोच ट्रॅक्टर निमूट चढतो.

याच हिशेबात फोरव्हीलचे महत्त्व दडले आहे. दोन चाकी ओढीचा ट्रॅक्टर असेल तर पकड केवळ मागच्या चाकांवरच्या वजनाची, म्हणजे एकूण वजनाच्या साधारण दोनतृतीयांशाची. सपाट शिवारात हा फरक फारसा जाणवत नाही. जांभ्याच्या चढावर, त्यातही दवाने ओल्या झालेल्या पाल्यावर, फोरव्हील आणि डिफरन्शियल लॉक यांना पर्याय नाही. महिंद्राचा जिवो २४५ किंवा कुबोटाचा निओस्टार बी २४४१ हे २४ अश्वशक्तीचे फोरव्हील ट्रॅक्टर द्राक्षबागांमुळे महाराष्ट्रात परिचित झाले. १५ अश्वशक्तीचे स्वराज ७१७ किंवा युवराज २१५ आटोपशीर आणि स्वस्त असले, तरी त्यांची ओढ मागच्या दोन चाकांची आहे. सपाट आंतरमशागतीला ते चोख, घाटमाथ्याच्या उताराला मात्र अपुरे.

उतरताना प्रश्न उलटा होतो. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे ढकलते. हलका ट्रॅक्टर अशा वेळी मागून वळवला जातो आणि आडवा होतो. म्हणून उतारावर ट्रॉलीचे भरलेले वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या फार वर जाऊ न देणे आणि चढताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच्याही खालच्या गिअरमध्ये उतरणे, हा शहाणपणा. क्लच दाबून उतारावर सोडण्याची सवय तर चालकाने आधीच मोडावी.

उतार डोळ्याने मोजू नये. तो नेहमी कमीच वाटतो. दहा फुटांची सरळ पट्टी घ्यावी, एक टोक चढाच्या बाजूला टेकवून गवंड्याच्या लेव्हलने ती आडवी धरावी आणि दुसऱ्या टोकाखालची उंची मोजावी. एक फूट आली तर ट्रॉली जपून चालेल. अडीच फुटांपुढे गेली, म्हणजे उतार साधारण १५ अंशांचा झाला, तर तेथे आडव्या दिशेने ट्रॅक्टर नेऊच नये. अरुंद ट्रॅक्टर झाडांमधून सुळकन जातो खरा, पण चाकांमधले अंतर कमी असल्याने तो कडेला कलंडतोही लवकर. अशा पट्ट्यातले गवत खांद्यावरच्या ब्रशकटरनेच कापावे लागते.

झाडांमधून वाट

काजूची लागवड सात-आठ मीटरवर करण्याची शिफारस आहे. घन लागवडीत हे अंतर चार-पाच मीटरवर येते. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सहा फुटांच्या आसपास रुंद असतो, म्हणजे आकड्यांनुसार तो आठ मीटरच्या ओळीत सहज मावायला हवा. प्रत्यक्षात पंधरा वर्षांच्या काजूच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या असतात आणि दोन घेरांमध्ये उरते ती बोळाएवढी वाट. येथे रुंदीइतकीच उंचीही अडवते. बॉनेटवर उभा असलेला धुराचा पाइप फांद्यांत अडकतो, तो आडवा खालून काढलेला बरा. चालकाच्या मागची सुरक्षा कमानही फांद्यांना लागते आणि म्हणून ती काढून टाकण्याचा मोह होतो. कलंडलेल्या ट्रॅक्टरखाली चालक चिरडला जाऊ नये यासाठी तीच एक वस्तू असते. दुमडता येणारी कमान घ्यावी, फांद्यांखाली दुमडावी आणि बाहेर पडताच उभी करावी. सीटबेल्ट कमान उभी असतानाच लावायचा.

कुळागराचा विचार निराळा. सुपारी साधारण नऊ फुटांवर, तिच्या मध्ये केळी, मिरी, जायफळ, आणि वाट पाटाच्या काठाने. येथे छोटा ट्रॅक्टरही पाहुणाच ठरतो. पॉवर वीडर किंवा ढकलगाडी यांवर भागवून ट्रॅक्टर कुळागराच्या वेशीपर्यंत आणावा.

पडलेले झाड ओढून काढणे हे बागमालकाला वाटते तितके साधे काम नाही. साखळी मागच्या खालच्या ड्रॉबारलाच अडकवावी. ती धुऱ्याच्या वर, टॉपलिंकच्या जागी बांधली आणि ओंडका खुंटाला अडला, तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर क्षणार्धात चालकावर उलटतो. त्या वेळी क्लच दाबायलाही सवड मिळत नाही. मोठे ओंडके आणि खुंट काढण्यासाठी दिवसाच्या भाड्याने जेसीबी आणणे उत्तम. वर्षातल्या एका दिवसासाठी ट्रॅक्टर मोठा घेऊ नये. तोडीपूर्वी परवानगीही पाहावी लागते. कर्नाटकात १९७६ चा, गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे आणि जमीन खासगी असली म्हणून त्यातून आपोआप सुटका होत नाही.

मार्च-एप्रिलमधला सुका पाला हा आणखी एक धोका. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई परिसरातील जंगलांत लागलेल्या आगी गोमंतकीयांच्या स्मरणात आहेत. तापलेला सायलेन्सर आणि रेडिएटरच्या जाळीत साचलेले गवताचे तूस यांकडे रोज लक्ष हवे. ट्रॅक्टरवर पाण्याचा पंप आणि दोनशे लिटरची टाकी कायम असावी.

घ्यावा की भाड्याने आणावा

कृषी अभियांत्रिकीच्या गणितात ट्रॅक्टरचा वापर वर्षाला १००० तास आणि आयुष्य १० वर्षे धरतात. पाच एकर काजूला शंभर-सव्वाशे तासांचे काम निघाले तरी पुष्कळ. म्हणजे पाच एकरांसाठी स्वतःचा ट्रॅक्टर ही हौस आहे. ती करू नये असे नाही, पण तिला शेतीखर्च म्हणू नये. कर्नाटकात ‘कृषी यंत्रधारे’ योजनेतील केंद्रांतून यंत्रे भाड्याने मिळतात आणि रयत संपर्क केंद्रात अनुदानाची चौकशी करता येते. शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुना ट्रॅक्टर पाहणाऱ्याने नव्याच्या किमतीशी पुन्हा एकदा तुलना करावी.

कंपनीच्या पत्रकापेक्षा मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल अधिक उपयोगी पडतो. पीटीओवरची प्रत्यक्ष ताकद, ट्रॅक्टरचे वजन आणि वळण्याची त्रिज्या त्यात मोजलेली असते. विक्रेत्याकडे तो मागावा. प्रात्यक्षिकही शोरूमच्या आवारात न पाहता आपल्याच बागेत, ठरलेला भार ट्रॉलीत घालून, सर्वांत अवघड चढावर पाहावे.

सीमाभागात एक कागदी बाबही असते. बेळगावात घेतलेल्या ट्रॅक्टरला केए-२२ क्रमांक मिळतो. तो सत्तरी किंवा डिचोलीच्या बागेत सलग १२ महिन्यांहून अधिक ठेवायचा असेल, तर मोटार वाहन कायद्यानुसार गोव्यात नव्याने नोंदणी करून तेथील क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते. कर्जावर ट्रॅक्टर घेतला असेल तर बँकेची संमतीही जोडावी लागते, त्यामुळे ट्रॅक्टर कोणत्या राज्यात राहणार हे खरेदीपूर्वीच ठरवलेले सोयीचे.