अनुशेष : कोणाच्या फुटपट्टीने?

मंडळी, केजमध्ये बसून प्रादेशिक असमतोलावर बोलायचं, तर सुरुवात ‘अनुशेष’ या शब्दापासूनच करावी लागते. शब्द हिशेबातला आहे, पण त्यात एक नैतिक गृहीतक दडलंय : कोणाकडून तरी कोणाचं देणं राहून गेलं आहे.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि मराठवाड्याकडे खास लक्ष, असं ठरलं होतं. १९५६ मध्ये राज्यघटनेत ३७१ (२) हे कलम आलं. देणं नेमकं किती, याचा अधिकृत हिशेब हाती यायला मात्र १९८४ उजाडलं.

तो हिशेब वि. म. दांडेकर समितीचा. पद्धत सरळ होती. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा तिच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायचा खर्च म्हणजे त्याचा अनुशेष. एकूण आकडा आला सुमारे ३,१८६ कोटी रुपये. त्यात विदर्भ ३९ टक्के, मराठवाडा जेमतेम २४, आणि उर्वरित महाराष्ट्र ३७!

अनेकांना धक्का बसला. पण हा चमत्कार एककाचा होता. मोजमाप विभागाचं नव्हे, जिल्ह्याचं होतं. त्यामुळे कोकणातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्याची तूट त्याच विभागातल्या संपन्न जिल्ह्याने भरून निघाली नाही. ती स्वतंत्रपणे यादीत आली. आम्हाला हे चूक वाटत नाही. मग जिल्ह्यावरच का थांबायचं, एवढंच आम्ही विचारतो. आणि सरासरी हीच कसोटी का? सरासरी ही असलेल्याची असते, असायला हवं त्याची नसते.

आपल्या केज तालुक्यातच बघा. मांजरा धरण धनेगावला, म्हणजे आपल्याच हद्दीत. त्याचं पाणी लातूर शहर पितं. २०१६ च्या उन्हाळ्यात ते आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. कागदावरची सिंचनक्षमता तेव्हाही कागदावर होतीच की!

दुसरी गोष्ट आपल्या ऊसतोड कामगारांची. दिवाळीनंतर बिऱ्हाडं कोल्हापूर-सांगलीकडे निघतात. जिल्ह्याचं उत्पन्न जिथे उत्पादन होतं तिथे धरलं जातं. म्हणजे आपल्या माणसाने कोयत्याने तोडलेला ऊस त्या जिल्ह्याची सरासरी वर नेतो. त्याच्या मागे गेलेल्या पोराची बुडालेली शाळा मात्र आपल्या खात्यात राहते. ही नोंद अनुशेषाच्या कोणत्या रकान्यात घालायची?