सुरगाण्याच्या सरकारी दवाखान्यात औषध येतं कसं, आणि अडतं कुठं?

सुरगाणा : केसपेपर निघाला, डॉक्टरांनी तपासलं, औषधं लिहून दिली आणि खिडकीवर उत्तर मिळालं, "दोन गोळ्या आहेत, तिसरी संपलीये, बाहेरून घ्या." तालुक्यातल्या पाड्यांवरच्या माणसाला हा अनुभव नवा नाही. जीपचं भाडं देऊन आलेल्या बाईला तेवढ्या एका गोळीसाठी पुन्हा बाजारपेठेच्या गावाला जावं लागतं. मग राग निघतो तो खिडकीपलीकडच्या औषध निर्माण अधिकाऱ्यावर. प्रत्यक्षात ती गोळी का नाही याचं कारण बहुतेक वेळा त्या खिडकीपासून फार लांब, सहा महिने ते वर्षभर आधी घडलेलं असतं.

सरकारी औषध खरेदीची ही साखळी कशी चालते, ती कुठं तुटते आणि ती सुधारण्यासाठी राज्यात काय झालं, याची माहिती तालुक्यातल्या वाचकांसाठी येथे देत आहोत.

दोन दवाखाने, दोन वाटा

पहिली गोष्ट अनेकांना माहीत नसते. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतात आणि त्यांचा कारभार जिल्हा आरोग्य अधिकारी पाहतात. सुरगाण्याचं ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत येतं. दोघांची औषध भांडारं वेगळी, मागणीपत्रं वेगळी, पैशाचे लेखाशीर्षही वेगळे. त्यामुळे आरोग्य केंद्रात एखादं सलाईन संपलेलं असताना ग्रामीण रुग्णालयात ते पडून असू शकतं, किंवा उलटं. कागदोपत्री हस्तांतर करता येतं, पण त्यासाठी कुणीतरी विचारावं लागतं, कुणीतरी सही करावी लागते आणि एक गाडी लागते.

पैसाही एका ठिकाणाहून येत नाही. राज्याचा अर्थसंकल्प, राष्ट्रीय आरोग्य अभियान, जिल्हा नियोजन समिती, आदिवासी उपयोजना आणि अगदीच अडल्यावर रुग्ण कल्याण समिती. सुरगाणा पूर्ण अनुसूचित क्षेत्रातला तालुका असल्याने आदिवासी उपयोजनेचा निधी इथं महत्त्वाचा. पण प्रत्येक निधीची मंजुरी वेगळ्या तारखेला होते, आणि आजारपण काही त्या तारखा बघून येत नाही.

एप्रिलचं वर्ष आणि जूनचा पाऊस

सुरगाण्यातली खरी अडचण इथं आहे. सरकारचं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. निधी वितरित व्हायला, मागणी एकत्र व्हायला, पुरवठा आदेश निघायला आणि माल यायला महिने जातात. पाऊस मात्र जूनमध्ये येतो. घाटमाथ्यावर पाऊस लागला की नाले भरतात, काही पाडे तुटतात, आणि त्याच दिवसांत जुलाब, ताप, सर्पदंश, विंचूदंश वाढतात. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हा नव्या वर्षाचा साठा वाटेत असतो आणि जुन्या वर्षाचा संपत आलेला.

उलट वर्ष संपताना निधी परत जाऊ नये म्हणून मार्च एंडला खरेदीची घाई होते. तेव्हा आलेला माल एकदम भांडारात साचतो. त्यातल्या काहींची मुदत कमी उरलेली असते, काहींची गरज त्या केंद्राला नसतेच. "औषध नाही" आणि "औषध एक्स्पायर झालं" या दोन्ही तक्रारी एकाच वर्षात, एकाच भांडारातून येतात त्या अशा.

राज्यात 1995 पासून आदिवासी भागांसाठी राबवल्या जाणाऱ्या नवसंजीवनी योजनेत संपर्क तुटणाऱ्या गावांसाठी पावसाळ्याआधी औषधं पोहोचवून ठेवायची व्यवस्था आहे. कल्पना चांगली आणि इथल्या भूगोलाला धरून आहे. मात्र ती चालण्यासाठी मे महिन्यात भांडारात माल असावा लागतो, आणि मे महिन्यात माल असण्यासाठी आदेश आदल्या हिवाळ्यात निघावा लागतो.

मागणीचा हिशोबच चुकतो

औषधाची वार्षिक मागणी साधारण मागच्या वर्षीच्या खपावरून काढली जाते. वरवर बरोबर वाटतं. एक उदाहरण घ्या. एखाद्या केंद्राला रक्तदाबाच्या एका गोळीची महिन्याला 1,000 इतकी गरज आहे. वर्षातले चार महिने गोळी नव्हतीच. रजिस्टरमध्ये खप दिसतो 8,000. पुढच्या वर्षी मागणी जाते 8,000 ची, फार तर थोडी वाढवून. गरज मात्र 12,000. म्हणजे यंदाची टंचाई पुढच्या वर्षीच्या कागदात आपोआप लिहिली जाते. यावर उपाय साधा आहे : खप मोजताना औषध जितके महिने हातात होतं त्या महिन्यांनीच भागायचं. 8,000 भागिले 8, म्हणजे 1,000, गुणिले 12. यासाठी टेंडर लागत नाही की निधी लागत नाही.

सुरगाण्यात या हिशोबाला आणखी एक गळती आहे. सीमेवरच्या गावांतले बरेच रुग्ण उपचारासाठी गुजरातमध्ये वांसदा, धरमपूरकडे जातात. डिसेंबर 2022 च्या सुमारास तालुक्यातल्या काही सीमावर्ती गावांनी सुविधा मिळत नसतील तर आम्हाला गुजरातला जोडा, अशी मागणी केली होती, त्यात आरोग्याचा मुद्दा रस्ते-पाण्याच्या बरोबरीने होता. असा रुग्ण इथल्या ओपीडी रजिस्टरमध्ये दिसतच नाही. जो दिसत नाही त्याच्यासाठी औषध मागवलं जात नाही, आणि औषध नसतं म्हणून तो पुन्हा सीमेपलीकडेच जातो.

हाफकिन ते प्राधिकरण

पूर्वी आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग आपापली खरेदी स्वतंत्र करत. एकच औषध दोन विभाग वेगवेगळ्या दरांनी घेत. 2017 मध्ये राज्य सरकारने ही खरेदी एकत्र करून हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे दिली. परळच्या हाफकिनचं नाव मोठं. 1899 मध्ये प्लेगच्या काळात सुरू झालेल्या प्रयोगशाळेतून ही संस्था उभी राहिली, लस आणि सर्पदंशावरची प्रतिविषं तिथं तयार होत आली. पण लस बनवणं हे एक काम आणि हजारो वस्तूंची टेंडरं काढणं हे अगदीच वेगळं. त्यासाठीचा कर्मचारीवर्ग, भांडार व्यवस्था, करारांची देखरेख उभी राहिली नाही. विभागांनी पैसे वर्ग केले तरी माल वेळेवर येईना, पुरवठादारांची बिलं थकल्याने ते टेंडर भरायला कचरू लागले. भारताच्या महालेखापरीक्षकांच्या 2016-17 ते 2021-22 या काळावरच्या आणि डिसेंबर 2024 मध्ये विधिमंडळात मांडल्या गेलेल्या अहवालातही या खरेदीतल्या उशिरावर आणि अपुऱ्या पुरवठ्यावर बोट ठेवलं आहे.

2023 मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झालं आणि खरेदीचं काम त्याच्याकडे आलं. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसह उपचार मोफत झाले. निर्णय गरिबाच्या फायद्याचाच, पण गर्दी वाढली की औषधाचा खप वाढणार हे उघड होतं आणि नवी यंत्रणा तेव्हा नुकती पाय टाकत होती. 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या 24 तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात बालकं होती. औषधटंचाई नव्हती, असं सरकारने सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा मात्र खरेदी प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी का नाही, हा प्रश्नही पुढे आला. कायदा झाला म्हणजे यंत्रणा उभी राहिली असं होत नाही, हे तेव्हा दिसलं.

तामिळनाडूने काय केलं

महाराष्ट्रात जन आरोग्य अभियानासारख्या संघटना कित्येक वर्षं ज्या नमुन्याचा आग्रह धरत आल्या तो तामिळनाडूचा. तिथलं वैद्यकीय सेवा महामंडळ 1994 मध्ये स्थापन झालं. त्यांनी फार मोठी जादू केली नाही, पण काही गोष्टी चिकाटीने केल्या. महामंडळ सरकारी पण स्वायत्त. औषधांची यादी मर्यादित आणि औषधं मूळ नावानेच, ब्रँडच्या नावाने नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत भांडारं. आलेला माल आधी वेगळा ठेवायचा, नमुने कंपनीचं नाव झाकून, सांकेतिक क्रमांक टाकून प्रयोगशाळेत पाठवायचे, आणि अहवाल चांगला आला तरच वाटपाला काढायचा. पुरवठादाराला पैसे वेळेवर. टेंडरमध्ये दर कमी यायचं मोठं कारण हेच, कारण पैसे अडकणार असतील तर व्यापारी तो धोका दरातच धरतो.

आणि सर्वांत उपयोगी, प्रत्येक दवाखान्याला पासबुक. बँकेसारखंच. वर्षाला आपल्या नावावर किती रकमेचं औषध आहे, किती उचललं, किती उरलं हे दवाखान्याला कळतं. तो आपल्या गरजेप्रमाणे भांडारातून उचलतो. वरून ढकललेलं घ्यायचं ही पद्धत त्यात नाही. काही हिस्सा स्थानिक खरेदीसाठी हाताशी राहतो. राजस्थानने 2011 मध्ये याच धर्तीवर महामंडळ काढून 2 ऑक्टोबर 2011 पासून मोफत औषध योजना सुरू केली.

महाराष्ट्रात ई-औषधी ही संगणक प्रणाली आहे. कोणत्या भांडारात कोणत्या बॅचचं किती औषध, मुदत कधी संपते हे त्यात दिसायला हवं. रेंज नसलेल्या ठिकाणी नोंदी कागदावर होतात आणि जमेल तेव्हा चढवल्या जातात. मग मुंबईत बसलेल्याला पडद्यावर साठा दिसतो, आणि केंद्रातलं कपाट रिकामं असतं.

दर्जाची तपासणी का लागते हे नागपूरच्या प्रकरणाने दाखवलं. सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नव्हतं, टाल्कम पावडर आणि स्टार्च होता, असं 2024 मध्ये पोलिसांच्या दोषारोपपत्रातून समोर आलं. स्थानिक पातळीवर तातडीची खरेदी वाढवा असं म्हणणं सोपं आहे. पण त्या मालाची तपासणी कोण करणार याचं उत्तर आधी हवं.

सापाचं औषध आणि शेजारची मशीन

तालुक्याच्या दृष्टीने एक औषध वेगळं सांगायला हवं, सर्पदंशावरचं प्रतिविष. भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालतं. विषबाधेची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या लागतात. म्हणजे केंद्रात 5 कुप्या असणं हे कागदावर "साठा उपलब्ध" असतं, प्रत्यक्षात एका रुग्णालाही पुरत नाही. दुसरं, द्रवरूप प्रतिविषाला 2 ते 8 अंश तापमान लागतं. भुकटी स्वरूपातलं प्रतिविष फ्रीजशिवायही टिकतं. वीज वारंवार जाणाऱ्या भागासाठी मागणीपत्रात "भुकटी स्वरूपातील" हे दोन शब्द लिहिणं म्हणूनच मोलाचं. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं, नोंद वाढली तर मागणीही खऱ्या आकड्यावर येईल. सिकलसेलच्या रुग्णाला लागणारं हायड्रॉक्सियुरिया हेही असंच, रोज घ्यायचं औषध. महिनाभर खंड पडला तर वेदनेचा झटका त्या रुग्णाला येतो, भांडाराला नाही.

यंत्रांचं दुखणं निराळं. मशीन घेताना किंमत बघितली जाते. पुढची पाच वर्षं दुरुस्ती कोण करणार, बॅटरी आणि किट कुठून येणार, हे बघितलं जात नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने देशभर यंत्रांची मोजदाद केली तेव्हा राज्यागणिक 13 ते 34 टक्के यंत्रं बंद आढळली. त्यानंतर देखभालीचा कार्यक्रम आखून प्राथमिक आरोग्य केंद्रातली यंत्रं किमान 80 टक्के वेळ चालू राहावीत असं बंधन ठेवलं गेलं. नवजात बाळाचा वॉर्मर किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर खरेदी करताना देखभालीचा करार त्याच टेंडरमध्ये धरला, आणि व्होल्टेज स्टॅबिलायझर सोबतच मागवला, तर निम्मं काम होतं. नाहीतर उद्घाटनाचा फोटो राहतो आणि मशीन कोपऱ्यात कापड टाकून.

गावाने काय विचारायचं

औषध नसल्यास बाहेरची चिठ्ठी जपून ठेवावी, त्यावर तारीख आणि औषधाचं नाव असतं. केंद्रात उपलब्ध औषधांचा फलक असावा, नसेल तर विचारावं. आरोग्यविषयक तक्रार 104 या क्रमांकावर करता येते. माहितीच्या अधिकारात साठा रजिस्टरची प्रत मागताना नुसतं "किती औषध आलं" असं न विचारता, "अमुक औषधाचा साठा वर्षात किती दिवस शून्य होता, आणि मागणी कोणत्या तारखेला पाठवली" असं विचारावं. या दोन तारखांवरून दोष केंद्राचा, जिल्हा भांडाराचा की मुंबईचा हे बरंचसं कळतं.

रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत गावाचे लोकप्रतिनिधी असतात. फेब्रुवारीच्या बैठकीत पावसाळ्यासाठीचं मागणीपत्र गेलं का, प्रतिविषाच्या किती कुप्या मागितल्या, कोणत्या मशीनचा देखभाल करार संपतोय, एवढं विचारायला अर्धा तास लागतो. जूनच्या बैठकीत हाच प्रश्न विचारला तर तोवर पाऊस लागलेला असतो.