गृहकर्ज आणि विमा : थोडा इतिहास, थोडा हिशोब

आपल्या सोसायटीतले बहुतेक फ्लॅट कर्ज काढून घेतलेले. जुन्या मंडळींचे हप्ते फिटले, आता मुलं-सुना नवे हप्ते भरताहेत. त्यांच्यासाठी हा लेख.

१८१८ साली कोलकात्यात ओरिएंटल ही आयुर्विमा कंपनी निघाली, ती मुख्यतः युरोपियनांसाठी. आपल्या माणसाचा विमा उतरवलाच तर जादा हप्ता पडे. १८७० मध्ये निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने भारतीयांना नेहमीच्या दराने विमा दिला.

पुढे १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आला. त्याचं कलम ६ आजही लागू आहे. नवऱ्याने पॉलिसी 'बायकोसाठी' किंवा 'बायको-मुलांसाठी' असं तिच्यावरच नमूद करून काढली, तर ती रक्कम विश्वस्त-निधी ठरते. सावकाराला फसवण्याचा हेतू नसेल, तर नवऱ्याच्या देणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. १९२३ च्या दुरुस्तीने ही सोय मद्रासबाहेरच्या हिंदू-मुस्लिम कुटुंबांनाही मिळाली.

१९५६ च्या जानेवारीत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांच्या कारकीर्दीत २४५ विमा संस्था सरकारने ताब्यात घेतल्या आणि १ सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली. लांब मुदतीचं गृहकर्ज मात्र नंतरचं. हसमुखभाई पारेखांनी १९७७ साली मुंबईत एचडीएफसी काढली. त्याआधी बरेच नोकरदार फंडाची रक्कम हातात आल्यावर घराचं बघत. तिशीत वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घ्यायचं, ही सवय अलीकडची.

म्हणूनच विमा निवडताना गोंधळ होतो. कर्जासोबत मिळणाऱ्या विम्यात बहुधा कर्ज उतरेल तसं संरक्षणही उतरतं, आणि पैसे आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जातात. नोकरीत असताना अशी प्रकरणं माझ्या टेबलावर येत. फ्लॅट मोकळा झालेला असे, पण मेंटेनन्स, किराणा आणि मुलांची फी कशातून भरायची, हे त्या बाईला कळत नसे.

हिशोब असा करा. समजा कर्ज बाकी १८ लाख आणि घरखर्च महिना २०,००० रुपये. दहा वर्षांचा खर्च झाला २४ लाख, महागाई धरली तर अजून जास्त. म्हणजे संरक्षण किमान ४२ लाखांचं हवं. त्यातून पत्नीचं उत्पन्न आणि शिल्लक वजा करा. पत्नी कमावती असेल, तर तिचाही विमा हवा, कारण हप्ता दोघांच्या पगारावर चालतो.

शक्यतो दोन पॉलिसी घ्या. एक कर्जापुरती, दुसरी कलम ६ खाली पत्नीच्या नावे. ही दुसरी बँकेकडे तारण ठेवायची नाही. आणि ही नोंद पॉलिसी काढतानाच करावी लागते, नंतर करू म्हणून चालत नाही.

शेवटचं, पॉलिसीचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते घरच्यांना आजच सांगून ठेवा.